रविवारची मुंबई

आपल्या जिल्ह्यात 'मुंबई' हा शब्द साधारणपणे तीन प्रसंगी उच्चारला जातो. पोराला इकडे काम मिळत नाही म्हणून त्याला तिकडे धाडावयाचे असते. घरात कोणाला मोठे दुखणे निघाले म्हणजे टाटा किंवा के. ई. एम. हॉस्पिटल गाठावयाचे असते. नाही तर एखादा कागद मंत्रालयात अडून बसलेला असतो. कामाचे शहर, दुखण्याचे शहर आणि अर्जाचे शहर, एवढीच ओळख घेऊन आपली माणसे तिकडे जातात आणि तेवढीच घेऊन परत येतात. यापलीकडे आणखी एक मुंबई आहे. ती पायी फिरून पाहावयाची, समजून घ्यावयाची आणि तीत राहण्याचा आनंद घ्यावयाची मुंबई. तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे. सेनगाव तालुक्यातून आम्ही तिकडे गेलो त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. कंत्राटी कामगारांच्या संघटनेचे काम करीत असता त्या शहराचे पुष्कळ कानेकोपरे पायांखालून गेले आणि दर वेळी नवे काही सापडत गेले.

हिंगोलीच्या श्रोत्यांनी मुंबईचे एवढे कौतुक का ऐकावे, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचे मोठे शहर मुंबई नव्हतेच. ते होते हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दाद मागावयाची ती हैदराबादला आणि वरचे शिक्षण घ्यावयाचे तेही हैदराबादला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि मुंबई आपल्या राज्याची राजधानी ठरली. कोकणातला आणि घाटावरचा माणूस त्याच्या शंभर वर्षे आधीपासून तिकडे पोट भरावयास जात होता. आपण उशिरा पोचलो. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे मोठ्या संख्येने तिकडे लोटली, तोवर चाळीतल्या खोल्या भरून गेल्या होत्या. घाटकोपर, चेंबूर, मानखुर्दकडच्या टेकड्यांवर आणि खाजणांत त्यांनी झोपड्या घातल्या, सकाळी नाक्यावर उभे राहून बिगारी धरली. लग्नघरी उशिरा आलेला पाहुणा जसा दाराशीच अवघडून बसतो, तशी आपल्या माणसाची त्या शहरात गत झाली. वीस-वीस वर्षे राहूनही त्याला वाटते की हे शहर दुसऱ्या कोणाचे तरी आहे आणि आपण येथे फक्त राबावयास आलो आहोत.

हा समज काढून टाकावा एवढ्यासाठीच हे व्याख्यान. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शहर श्रमाने उभे राहते, म्हणून ते पाहण्याचा आणि उपभोगण्याचा पहिला हक्क श्रम करणाराचा आहे. पण हक्क बजावावयाचा तर हातात वेळ हवा. तो वेळ कामगाराला कोणी दानात दिलेला नाही, आणि आज तो पुन्हा हातून निसटू लागला आहे.

नावांत राहिलेले गाव

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि बृहन्मुंबईची सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे आपल्यासारखे दहा जिल्हे, आणि तेही आपल्या एका तालुक्याहून कमी जागेत. ऐकूनच नवख्याची छाती दडपते. परंतु त्या शहरातली नावे सावकाश वाचीत चालले म्हणजे ही भीती पुष्कळ कमी होते, कारण नावे सारी गावाकडची आहेत. आपण ज्याला गावाची शीव म्हणतो, तीच ही शीव, जुन्या मुंबई बेटाची हद्द. उमरखाडीला खाडी होती, धोबीतलावाला तलाव होता. चिंचपोकळी, फणसवाडी, ताडवाडी ही नावे झाडांची. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा. कोट्यवधींचे व्यवहार चालतात त्या पेठेचे नाव दाणाबंदर. गाव बुजले, तळी बुजली, झाडे गेली. नावे तेवढी राहिली.

चर्चगेट स्टेशनवर रोज लाखो लोक उतरतात. पण तेथे गेट काही दिसत नाही. इंग्रजांनी आपल्या वसाहतीभोवती तटबंदी बांधली होती, तिला तीन दरवाजे होते, त्यांतला चर्चजवळचा हा एक. १८६० नंतरच्या काही वर्षांत तो तट पाडला गेला. आपल्याकडे वेस पडून जाते आणि जागेला वेशीपाशी म्हणणे चालूच राहते, तसेच हे झाले.

मूळची मुंबई म्हणजे सात बेटे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाचा करार झाला, त्यात ती इंग्लंडच्या राजाकडे जावयाची ठरली, आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने दिली. पुढची दोनशे वर्षे टेकड्या फोडून खाड्या बुजवण्याचे काम चालले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये समुद्र आत घुसत असे, तेथे अठराव्या शतकात बांध पडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिची चाके फिरू लागली. रेल्वे बोरघाट चढून १८६३ मध्ये वर पोचली. तो घाट फोडताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. सनावळीत साहेबांची आणि शेठजींची नावे सापडतात. ज्यांनी भराव टाकला आणि घाट फोडला, त्यांची नावे कोठेही नाहीत. म्हणून मुंबई पाहताना बिननावाच्या माणसांची आठवण ठेवून पाहावी, असे आम्ही सर्वांना सांगतो.

सुटीचा दिवस कोणी मिळवला

आता रविवारची गोष्ट. गिरण्या निघाल्या तेव्हा कामाला घड्याळ नव्हते. सूर्य उगवला की आत जावयाचे आणि मावळला की बाहेर पडावयाचे. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. मुंबईत वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाने मुंबई उजेडात पाहिलीच नाही, असे सहज घडत असे.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. स्वतः एका गिरणीत त्यांनी नोकरी केली होती. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या नावाने मागण्यांचा अर्ज केला. पहिली मागणीच अशी की, आठवड्यातून एक दिवस सुटी हवी. मालकांनी ती सहा वर्षे ऐकली नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी एवढ्या मोठ्या सभेत स्त्रीने उभे राहून बोलणे ही केवढी गोष्ट होती याची कल्पना करावी. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली.

आपण रविवारी उशिरा उठतो, मुलांना घेऊन बाजारात जातो, तेव्हा तो दिवस पंचांगातून आल्यासारखा वाटतो. तो महालक्ष्मीच्या मैदानातून आला आहे. आणि आमच्या मते मुंबई शहर खऱ्या अर्थाने कामगाराचे झाले ते त्या दिवसापासून. त्याआधी तो शहरात राबत होता, आता तो शहरात हिंडू लागला. चाळीत भजनी मंडळे बसली, आखाडे निघाले, नाटके उभी राहिली, गावकऱ्यांच्या बैठका भरू लागल्या. हातात एक दिवस आला म्हणूनच हे सारे होऊ शकले.

पाहावयाची रीत

शहर पाहण्याला पैसा लागतो ही समजूत चुकीची आहे. समुद्राला तिकीट नाही आणि रस्त्यालाही नाही. आम्ही जी रीत धरली ती साधी आहे. लोकलच्या एका स्टेशनावर उतरावे आणि पुढच्या दोन-तीन स्टेशनांपर्यंत गाडी न घेता पायी जावे. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावे: हे कोणी बांधले? पूर्वी येथे काय होते? आणि आज याचा उपभोग कोण घेतो? एवढे प्रश्न बरोबर असले म्हणजे वाटाड्या नसला तरी चालतो. पायी हिंडून जग पाहणे आपल्या मातीला नवे नाही. ज्यांची जन्मभूमी म्हणून आपण नर्सीचा मान राखतो, ते नामदेव महाराज पायी पंजाबात घुमानपर्यंत गेले होते.

पहिली फेरी करी रोडपासून भायखळ्यापर्यंत करावी. हा गिरणगावाचा पट्टा. ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळी लागतात. या चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची; त्यात एक कुटुंब, आणि पुष्कळदा गावाकडचे आणखी चारपाच जण. पाळीपाळीने काम आणि पाळीपाळीने झोप. आता त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. २०२५ मध्ये वरळीच्या चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुन्या चाळी पाहावयाच्या असतील त्यांनी लवकर पाहून घ्याव्या. रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली; १९२० मध्ये देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना आयटक स्थापन झाली, तिच्या उभारणीतही ते होते.

परळला के. ई. एम. हॉस्पिटल आहे. आपल्यापैकी अनेकांनी त्याच्या व्हरांड्यात रात्री काढल्या असतील. वैद्यकीय कॉलेजांतल्या वरच्या जागा इंग्रजांसाठी राखलेल्या असत, त्या काळात केवळ भारतीय डॉक्टरांनी चालवावे या आग्रहातून ते १९२६ मध्ये सुरू झाले. दुखण्याच्या काळजीत ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु ती कळली म्हणजे त्या भिंतीविषयी आदर वाटू लागतो. परळच्याच बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले. राज्यघटनेच्या शिल्पकाराने चाळीत नळावरच्या रांगेशेजारी अभ्यास केला, हे तेथे उभे राहिल्यावर जसे मनावर ठसते तसे पुस्तकात वाचून ठसत नाही.

भायखळ्याला राणीची बाग आहे. ती १८६२ मध्ये लोकांना खुली झाली आणि आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. गावाहून आलेला माणूस तेथे वाघ पाहून परततो. त्याने शेजारचे संग्रहालयही पाहावे. १८७२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मातीच्या बाहुल्यांतून तेथे लोहार, विणकर, कुंभार असे कारागीर आणि त्यांची कामे दाखवली आहेत. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे; तो घारापुरीच्या बेटावरून आणला. ज्या काळ्या घोड्याच्या नावाने दक्षिण मुंबईतला एक चौक ओळखला जातो, तो घोडाही वर बसलेल्या इंग्रज राजासकट १९६५ मध्ये याच बागेत आणून ठेवला. राज्य गेले की राजाला बागेत जागा मिळते, हा धडा तेथे फुकट शिकावयास मिळतो.

दुसरी फेरी बोरीबंदरपासून समुद्रापर्यंत. ज्या स्थानकातून आपण घाईघाईने बाहेर पडतो, त्याच्या समोर अर्धा तास नुसते उभे राहावे. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. दगडातली पाने, मोर, माकडे, माणसांचे चेहरे यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आणि २००४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथून चालत पंधरा मिनिटांवर हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या भागात निदर्शकांवर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे शंभरावर माणसे कामी आली. त्यांच्या स्मारकात मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला आणखी काय हवे? तो एका जन्मात दोन्ही असतो. पावसाळ्यात शेतकरी, आणि सुगी संपली की नाक्यावरचा कामगार.

थोडे पुढे टाऊन हॉल आहे. १८३३ मध्ये तो पुरा झाला. त्याच्या तीस पायऱ्यांवर दुपारच्या वेळी कॉलेजची पोरे, टपालवाले, हमाल, वकील शेजारी शेजारी बसलेले दिसतात. शहराचा खरा मोठेपणा आम्हाला अशा जागी दिसतो. गावात ओट्यावर कोणी कोठे बसावे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. या पायऱ्यांवर जात विचारणारा कोणी नसतो. घर शोधताना मुंबईतही आडनाव विचारले जाते, हे आम्ही जाणतो आणि त्याबद्दल भांडतोही. पण रस्ता, पायरी, बाग आणि लोकल या जागा तरी शहराने बऱ्याच अंशी मोकळ्या केल्या. सेकंड क्लासच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी थोडे सरकावयाचे, हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही; पण तो पाळला जातो.

तिसरी फेरी जरा लांबची, बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांची. डोंगरात शंभरावर लेणी कोरलेली आहेत आणि पाण्याची टाकी इतकी हिशेबाने खोदली आहेत की आजच्या इंजिनियराने पाहून घ्यावीत. शिलालेखांत देणगी देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि भिक्षूंची नावे आहेत. छिन्नी चालवणारे मात्र तेथेही बहुतेक अनामच राहिले. आमचा पहिला प्रश्न किती जुना आहे हे तेथे कळते.

शहर ही शाळा

आमची शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते या शहरात. त्यात आमचा वेगळा पराक्रम काही नाही. मुंबईने असे पुष्कळांना शिकवले. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी कादंबऱ्या आणि लोकनाट्ये लिहिली. नारायण सुर्वे हे गिरणी कामगाराने सांभाळलेले अनाथ मूल. ते पुढे शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले.

हे शिक्षण कसे घडते? १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ निघाले; त्याच्या केंद्रांत वर्तमानपत्रे वाचावयास मिळत, शिवण शिकवत, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा होत. जाहीर सभा असतात, मोर्चे असतात. मोर्च्यात शेजारी चालणारा माणूस केरळचा किंवा आजमगडचा निघतो, त्याच्या गावचे भाव आणि त्याच्या गावचा दुष्काळ कळतो. मुंबईच्या खानावळवाल्या बायांनी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराला बाजूला सारून बँकेचे कर्ज मिळवले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांनी अर्थशास्त्र पुस्तकातून शिकले नव्हते.

आणि शहर अडचणीच्या वेळीही शिकवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळजवळ तेवढा. गाड्या थांबल्या, माणसे छातीभर पाण्यातून चालत निघाली. त्या रात्री रस्त्यालगतच्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, दारात चहाबिस्किटे ठेवली. कोण कोणत्या गावचा हे कोणी विचारले नाही. शेकडो माणसे त्या पुरात गेली, हेही विसरता येत नाही. मिठी नदी बुजवून तिच्यावर बांधकामे कोणी केली, हा प्रश्न त्या पाण्याने वर आणून ठेवला.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईच्या नळाला येणारे पाणी सात तलावांचे. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा. भातसा त्यानंतरचा. बहुतेक पाणी शहापूरच्या बाजूने, शंभर शंभर किलोमीटरवरून येते. ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. शहरावर प्रेम करावयाचे तर हेही माहीत असावे. नळ सोडताना कोणाच्या तोंडचे पाणी आपण पितो एवढे लक्षात राहिले, तर तो नळ नीट बंद करण्याची बुद्धी होईल.

हातून काय जात आहे

आम्ही मुंबईत पोचलो तेव्हा गिरण्यांच्या चिमण्या उभ्या होत्या, पण बऱ्याच जणींतून धूर निघत नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. पुष्कळ कामगार पुन्हा आत गेले नाहीत. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमाने ठरले होते की, गिरणीची जागा विकसित करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी असावी. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त त्या भूखंडावर आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांना काही हजार घरे मिळाली, बाकीचे अजून वाट पाहत आहेत. शहराच्या मधोमध एवढी मोठी बागबगिच्याची जागा मिळण्याची संधी पुन्हा येणार नाही. तेथे आता मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. आत जाण्यास कोणाला बंदी नाही. पण खिशात पैसा नसलेला माणूस तेथे बसणार कोठे?

जागेसारखेच वेळेचे चालले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या बदलाला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला जादा दाम आहे, असे सांगण्यात येते. कागदावर ते खरे आहे. परंतु सुरक्षा रक्षक, सफाई कामगार, कंत्राटी मजूर यांच्यात आम्ही काम करतो. त्यांतले पुष्कळ जण आजच बारा तास राबतात आणि सुटी घेतली तर रोज बुडतो म्हणून रविवारीही कामावर जातात. बारा तास काम, चार तास प्रवास. उरलेल्या आठ तासांत जेवण, झोप आणि मुलाबाळांचे तोंड पाहणे.

मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारी मुले पाहा. त्यांत आपल्या कळमनुरी-वसमतकडची मुलेही भेटतात. मुंबईची गल्लीन्‌गल्ली त्यांना पाठ आहे. कोणत्या इमारतीत कोणती लिफ्ट त्यांनी वापरावयाची नाही, हेही पाठ आहे. मोबाइलवरचा काटा सांगतो तसे ती धावतात. राणीच्या बागेवरून दिवसातून दहा वेळा जातात, पण आत कधी गेलेली नसतात. शहराला एवढे ओळखणारा आणि शहरापासून एवढा दूर ठेवलेला कामगार पूर्वी नव्हता. लोखंड्यांनी मागितलेला एक दिवस या मुलांना पुन्हा नव्याने मागावा लागणार आहे. त्यांची संघटना बांधणे हे आमच्या पिढीचे उरलेले काम आहे, असे आम्ही मानतो.

शहर आणि आपले गाव

शेवटी हिंगोलीकडे येतो. मुंबई आपल्यापासून आता पूर्वीइतकी दूर नाही. २००८ मध्ये पूर्णा-अकोला लोहमार्ग रुंद झाला आणि २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येऊ लागली. पण शहर आणि गाव यांना जोडणारे रूळ केवळ लोखंडाचे नसतात. आपल्या मोंढ्यात हळदीची पोती पाठीवर वाहणारा हमाल आहे. त्याच्यासाठी जो माथाडी कायदा आहे, तो १९६९ मध्ये झाला आणि त्यामागची चळवळ अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारपेठांतल्या माथाडी कामगारांत उभी केली होती. रविवार जसा महालक्ष्मीहून आला, तसा हमालाचा हक्क दाणाबंदराहून आला. उलट बाजूने पाहा. १९७२ च्या दुष्काळात गावाकडच्या माणसांनी काम मागितले, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे साऱ्या देशाला तिचा कित्ता मिळाला. गावाने शहराला माणसे दिली आणि शहराने त्या माणसांच्या हाती हक्क देऊन त्यांना परत पाठवले. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालू राहिला पाहिजे.

म्हणून आमची विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांची मुले-मुली मुंबईला, पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला कामाला आहेत, त्यांनी फोनवर 'पगार किती झाला' याबरोबर 'सुटी मिळते का, आणि सुटीत काय पाहिलेस' हेही विचारावे. दुखण्यासाठी किंवा कामासाठी जे स्वतः मुंबईला जातील, त्यांनी एक दुपार राखून ठेवावी आणि दोन स्टेशनांमधले अंतर पायी तुडवावे.

दुसरी विनंती येथे राहणारांना. ते तीन प्रश्न हिंगोलीतही विचारता येतात. येथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती आपल्या गावाच्या रचनेत कोठे कोठे दिसते? कयाधूचे पात्र पूर्वी कसे होते आणि कोणी कसे केले? मोंढ्याचे ओटे कोणी बांधले, औंढ्याच्या देवळाचे दगड कोणी घडवले, दसऱ्याच्या प्रदर्शनाच्या रात्री मैदान झाडणारा कोण? एखाद्या रविवारी शाळेच्या मुलांना घेऊन हे विचारीत गावातून एक फेरी मारावी. ज्या मुलाला आपल्या गावाचा रस्ता कोणी बांधला हे ठाऊक आहे, ते उद्या मुंबईच्या रस्त्यावर दबकत चालणार नाही.